चार्ल्स रायली

चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांचा जन्म १८४३ साली लंडन येथे झाला. किडे पाळणे आणि त्यांची चित्रे काढणे, हे त्यांचे बालपणापासूनचे छंद. फ्रान्स व जर्मनी येथे काही काळ शिक्षण घेऊन वयाच्या सतराव्या वर्षी ते अमेरिकेस गेले व इलिनॉय राज्यात एका शेतावर राबू लागले. १८६८ साली मिसूरी राज्याने त्यांना कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमले. पुढे फ्रान्समधील द्राक्षबागा एका किडीने मरू लागल्या, तेव्हा अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमे बांधण्याचा उपाय पुढे आणणाऱ्यांत ते प्रमुख होते.

अमेरिकेच्या वाळवंटी मुलखात युक्का नावाची, तलवारीसारख्या पानांची वनस्पती वाढते. बागांतूनही ती लावतात. तिचे पराग चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडत नाहीत. मग तिला फळे धरतात कशी? रात्री तिच्या फुलांत पांढरे पतंग येतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगलमान यांनी १८७२ साली पाहिले व रायली यांच्या कानावर घातले. रायली यांनी फुलांपाशी रात्री जागवल्या. पतंगाची मादी परागाची गोळी करून ती हनुवटीखाली धरते, दुसऱ्या फुलावर जाते, त्याच्या बीजकोशात अंडी घालते आणि वर चढून तो पराग स्वतः कुक्षीत दाबून बसवते! अळ्या थोड्या बिया खातात. उरलेल्या झाडाच्या वंशासाठी राहतात.

काही अभ्यासकांना हे पटेना. त्यांच्या हाती आलेल्या पतंगांना पराग धरण्याचे अवयवच नव्हते. रायली यांच्या शब्दावरच संशय आला. त्यांनी पुन्हा झाडांकडे धाव घेतली आणि १८८० साली दाखवून दिले की, युक्कावर दिसण्यात सारखे असे दोन पतंग राहतात. दुसऱ्याची अळी बिया खात नाही, फुलांच्या दांड्यात वाढते. त्याच्या नावातच त्यांनी ‘फसवा’ हा अर्थ घातला.

रंगावर तर मुळीच विसंबता येत नाही. कॅलिफोर्नियातील एका युक्कावरचा पतंग कोठे पांढरा व ठिपकेदार, तर कोठे अवघा काळा असतो. अवयव व खाद्यवनस्पती हीच त्याची खरी खूण. मोहावी वाळवंटातील जोशुआ वृक्षाच्या पतंगाला रायली यांनी १८९२ साली नाव दिले. मात्र ज्या पहिल्या पतंगाला ते एकच जात समजत, तिच्यात अनेक जाती दडलेल्या आहेत, हे १९९९ साली ओले पेलमीर यांनी सिद्ध केले.

१४ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टन येथे उतारावरून सायकलने जात असता रस्त्यात पडलेल्या दगडावर चाक आदळून रायली कोसळले व त्याच दिवशी निधन पावले. त्यांना बावन्न वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.