डॉक्टर रुस्तुम जाल वकील

मनुष्याचें चित्त कधीं प्रसन्न तर कधीं विनाकारण उदास कां होतें, हा प्रश्न आम्हां खान्देशच्या विद्यार्थ्यांसही परीक्षेच्या दिवसांत पडतोच. त्या प्रश्नाच्या शोधास मुंबईच्या एका हृद्रोगतज्ज्ञाचा हातभार कसा लागला, तें आम्ही येथें सांगत आहों.

रुस्तुम जाल वकील यांचा जन्म मुंबईस १९११ सालीं झाला. विलायतेंत वैद्यकाचें उच्च शिक्षण घेऊन ते परतले व मुंबईंत हृदयाच्या व रक्तदाबाच्या रोग्यांवर उपचार करूं लागले. त्या काळीं रक्तदाबावर खात्रीचें औषध जवळजवळ नव्हतेंच. आपले वैद्य मात्र सर्पगंधेची मुळी उन्माद व निद्रानाश यांवर पूर्वापार देत असत. १९३१ सालीं सेन व बोस या दोघां डॉक्टरांनीं तिचे गुण प्रसिद्धही केले होते. पण पाश्चात्य जगाचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. वकिलांनीं ती रोग्यांस देऊन रक्तदाबाच्या काटेकोर नोंदी ठेविल्या व १९४९ सालीं आपला निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. तेव्हां कोठें जग जागें झालें.

१९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें त्या मुळींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. लवकरच अमेरिकेंतील मनोरुग्णालयांत त्याचा उपयोग सुरू झाला. १९५५ सालीं असें आढळलें कीं, त्यामुळें मेंदूंतील सेरोटोनिन हें रसायन घटतें. पुढें स्वीडनच्या कार्लसन यांनीं रिसर्पिननें निश्चल झालेल्या प्राण्यांस डोपामिन बनविणारें द्रव्य टोंचलें. तोंच ते पुनः हिंडूं लागले! हीं रसायनें म्हणजे मेंदूच्या पेशींचे जणूं जासूदच होत. रिसर्पिन घेणारे कांहीं रोगी अतिशय खिन्न झाले. त्यावरून, रसायन घटलें कीं मन खचतें, असा तर्क निघाला. परंतु तेंच औषध घेऊनही पुष्कळांचें मन खचलें नाहीं. तो तर्क अपुरा ठरला.

वकिलांस १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक व १९५८ सालीं पद्मभूषण हा बहुमान मिळाला. १९७४ सालीं ते निवर्तले.

वाचकहो, या चरित्रापासून आम्हीं दोन गोष्टी घ्याव्या. जुनें तें डोळे मिटून स्वीकारूं नये, कीं टाकूंही नये, पारखून घ्यावें. आणि उदास झालेल्या सोबत्यास आळशी म्हणून हिणवूं नये. त्याच्या मनाचा भार शरीराचाही असूं शकतो. त्याच्याजवळ बसावें, व गरज पडल्यास त्यास वैद्याकडे न्यावें.