मैलापूरचा वारा

जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष जतन करून ठेवले आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते मात्र आजच्या चेन्नईतील मैलापूरच्या सागरतीरी, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

नवारेतील एका सरदार घराण्यात ७ एप्रिल १५०६ रोजी त्यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये शिकत असताना इग्नेशियस लोयोला यांचा सहवास लाभला आणि कीर्तीची आकांक्षा मागे पडली. लिस्बनहून निघालेला त्यांचा प्रवास तेरा महिने चालला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. त्याच वर्षी ते दक्षिणेकडे, मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवर कोळ्यांमध्ये गेले. प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेऊन त्यांनी त्या मुखोद्गत केल्या आणि गावोगाव मुलांकडून म्हणवून घेतल्या.

१५४४ साली या किनाऱ्यावर सशस्त्र टोळ्यांची धाड पडली. कन्याकुमारीजवळच्या खडकांत आश्रय घेतलेल्या कोळ्यांचे अन्नपाण्यावाचून हाल सुरू झाले. झेवियर वीस होड्यांत शिधा भरून निघाले, परंतु वारा असा उलटा फिरला की होड्या पुढे सरकेनात. कित्येक दिवस झुंज देऊन अखेर ते पायीच त्या लोकांकडे गेले. प्रार्थना केली आणि समुद्र शांत झाला, असे येथे घडले नाही. ज्या ईश्वराच्या हाती वारा आहे, त्याच्याच भरवशावर निघालेल्या माणसाला हा अनुभव पेलणे सोपे नसावे.

पुढच्याच वर्षी पुन्हा वारा आडवा आला. पूर्वेकडील बेटांवर जावे की आपल्या कोळ्यांकडे परतावे, या द्विधा मनःस्थितीत ते नागपट्टणमला होते. दक्षिणेकडे परतण्याची वाट प्रतिकूल वाऱ्याने बंद केली, म्हणून ते मैलापूरला आले. प्रेषित थोमाची कबर जेथे आहे असे परंपरा मानते, तेथील चर्चच्या धर्मगुरूंकडे त्यांनी सुमारे चार महिने काढले. कबरीपाशी प्रार्थना करताना त्यांचा निश्चय झाला. मे १५४५ मध्ये त्यांनी गोव्यातील सहकाऱ्यांना कळविले की आपण मलाक्काकडे जाणार. पोर्तुगीज जहाज न मिळाल्यास दुसऱ्या कोणाच्याही, आणि तेही नसल्यास कट्टुमरमवरून. कट्टुमरम म्हणजे ओंडके दोरांनी बांधून केलेला कोळ्यांचा तराफा. चेन्नईच्या किनाऱ्यावर तो आजही परिचित आहे. त्यावरून बंगालचा उपसागर ओलांडण्याची भाषा एरवी वेडेपणाची वाटली असती. ज्याने परतीची वाट अडविली तोच पुढची वाट काढील, हा विश्वास त्यामागे होता. ऑगस्टअखेरीस त्यांना जहाज मिळाले आणि ते मलाक्काला पोहोचले.

सेरामच्या समुद्रात वादळ शमविण्यासाठी बुडविलेला त्यांचा क्रूस हातून निसटला आणि खेकड्याने तो किनाऱ्यावर आणून दिला, ही कथा भाविकांना प्रिय आहे. त्यांच्या पत्रांत मात्र तिचा उल्लेख नाही. पत्रांत आढळते ते १५४८ च्या प्रारंभी मलाक्काहून कोचीनला येतानाचे वादळ. तीन दिवस, तीन रात्री जहाज मृत्यूच्या दाढेत होते. जिवंत राहिलो तर पुन्हा समुद्राचे तोंड पाहणार नाही, अशा शपथा इतरांनी घेतल्या. झेवियर यांना त्या संकटात असा आनंद लाभला की सुटका झाल्यावर ईश्वराने आपल्याला याहून मोठ्या संकटांसाठीच वाचवावे, असे त्यांनी मागितले.

त्यांचे सारेच निर्णय आज मान्य होण्याजोगे नाहीत. गोव्यात इन्क्विझिशन आणावे, असे त्यांनी १५४६ साली राजाला लिहिले होते, आणि ते विसरून चालणार नाही.

१५४९ मध्ये चिनी जहाजातून ते जपानला पोहोचले. त्यानंतर चीनचे वेध लागले. १५५२ च्या हिवाळ्यात शांगच्वान बेटावरील एका झोपडीत ते एका चिनी व्यापाऱ्याच्या जहाजाची वाट पाहत होते. जहाज आले नाही. ३ डिसेंबरला तापाने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्यापाशी अंतोनियो नावाचा चिनी साथीदार होता.