खरखरीशी आयुष्यभर झुंजलेला माणूस

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर मागे पडले, की चिल्हार फाट्याला बोईसरचा रस्ता फुटतो. या पट्ट्यात मुंबईच्या एफएम केंद्रांचा आवाज तुटू लागतो आणि रेडिओची सवय असलेला माणूस मध्यम लहरींकडे, म्हणजे मीडियम वेव्हकडे वळतो. ५५८ किलोहर्ट्झ ही वर्षानुवर्षे आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची जागा. जुन्या साध्या गाडीत ती तिथे सापडते. पण गाडी महागडी आणि विजेवर चालणारी असेल, तर तिथे नुसती गुणगुण ऐकू येण्याची शक्यता असते. वेग वाढवला की तिचा सूर चढतो, ब्रेक लावला की उतरतो. काही कंपन्यांनी तर मीडियम वेव्हची सोयच काढून टाकली आहे. बीएमडब्ल्यूच्या आय-३ मध्ये ती नव्हती, टेस्लाने ती बंद केली. फोर्डने २०२३ मध्ये तशी घोषणा केली आणि अमेरिकेत ओरड झाल्यावर काही आठवड्यांतच मागे घेतली.

रेडिओतली ही खरखर शंभर वर्षांपूर्वी अभियंत्यांना दैवगती वाटत असे. तिला हरवता येते हे ज्याने सिद्ध केले, तो एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेल्या नील आर्मस्ट्राँगशी त्याचा काही संबंध नाही. आज जगात जिथे जिथे रेडिओ वाजतो, तिथे याच्या तीन शोधांपैकी एखादा तरी आत असतोच.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत, आई लग्नाआधी शिक्षिका. आठव्या-नवव्या वर्षी त्याला आजार झाला, ‘सिडनहॅम्स कोरिया’. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढता लढता मेंदूच्या काही भागांवरच उलटते, आणि मुलाचे हात-पाय, चेहरा आपोआप झटके देऊ लागतात. ऱ्हुमॅटिक ताप आणि हा आजार ही एकाच संसर्गाची अपत्ये. पेनिसिलिन तेव्हा नव्हते. बहुतेक मुले काही महिन्यांत सावरतात. एडविनचा मान आणि खांदा उडण्याचा झटका मात्र जन्मभर राहिला. मन अस्वस्थ झाले की तो वाढे. त्याला दोन वर्षे शाळेऐवजी घरीच शिकवावे लागले. एकटे राहण्याची आणि हाताने काहीतरी जोडत बसण्याची सवय तेव्हाच लागली असावी.

पुढे कुटुंब हडसन नदीकाठी यॉन्कर्सला राहू लागले. तिथल्या माडीवरच्या खोलीत त्याने बिनतारी यंत्रे मांडली आणि १९१० मध्ये अंगणात १२५ फूट उंच खांब स्वतः उभारला. उंचीचे त्याला भय नव्हते, उलट ओढ होती.

कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना, १९१२ मध्ये, त्याने पहिला मोठा शोध लावला. ली डी फॉरेस्टने बनवलेली तीन इलेक्ट्रोडची ‘ऑडिऑन’ नळी तेव्हा उपलब्ध होती, पण ती नेमकी कशी चालते हे तिच्या निर्मात्यालाही नीट सांगता येत नव्हते. आर्मस्ट्राँगने ती मोजून, तपासून पाहिली आणि नळीतून बाहेर पडणारा संकेत पुन्हा तिच्याच तोंडाशी नेऊन सोडला. आवाज कितीतरी पटींनी वाढला. जो संकेत कानाला टेलिफोन लावून जेमतेम कळे, तो खोलीभर घुमू लागला. पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत. आधी पदवी घे, असा त्यांचा हट्ट. म्हणून ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने आराखड्यावर नोटरीचा शिक्का तेवढा मारून घेतला. पेटंटचा अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला. या दिरंगाईची किंमत पुढे वीस वर्षे मोजावी लागली.

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या सिग्नल दलात पॅरिसला होते. तिथे १९१८ मध्ये ‘सुपरहेटरोडाइन’ची कल्पना जन्मली: केंद्र कोणत्याही वारंवारतेचे असो, यंत्राच्या आत त्याचे रूपांतर एकाच ठरावीक वारंवारतेत करायचे आणि मग तिथे निवांतपणे आवाज वाढवायचा. ठाण्यात बनलेल्या मर्फी रेडिओंपासून खिशातल्या ट्रान्झिस्टरपर्यंत भारतातल्या घराघरांत जे संच वाजले, ते याच तत्त्वावर.

पेटंट विकून आर्मस्ट्राँग श्रीमंत झाले. आरसीए या बलाढ्य कंपनीचे ते मोठे भागधारक बनले आणि तिचे सूत्रधार डेव्हिड सार्नॉफ यांच्याशी त्यांची मैत्री जमली. सार्नॉफ यांच्या सचिव मॅरियन मॅकइनिस यांच्याशी १९२३ मध्ये त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीवरील आरसीएच्या मनोऱ्याच्या टोकावर चढून बसले, तेव्हा सार्नॉफ भयंकर चिडले होते. लग्नाची भेट म्हणून त्यांनी मॅरियनना स्वतः बनवलेला, हातात धरून नेता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला. तो घेऊन, पॅरिसहून आणलेल्या हिस्पानो-सुइझा या त्या काळच्या आलिशान मोटारीतून दोघे फ्लोरिडाला गेले.

त्याच सुमारास डी फॉरेस्ट यांच्याशी पेटंटचा खटला पेटला. खालची न्यायालये कधी याच्या, कधी त्याच्या बाजूने गेली. अखेर १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या पदरात निकाल टाकला. निकालपत्रातली तांत्रिक समज चुकीची आहे, असे बहुतेक अभियंत्यांचे मत होते. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने या शोधासाठी दिलेले पदक आर्मस्ट्राँग परत करायला गेले, तर संस्थेने ते घेण्यास नकार दिला आणि सभागृह उठून उभे राहिले. कायद्याच्या लेखी मात्र शोध त्यांचा उरला नाही.

या सगळ्या काळात त्यांच्या डोक्यात खरखरच होती. मीडियम वेव्हवर आवाज वाहून नेण्याची रीत सोपी आहे: लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमी-जास्त करायची. ढगात वीज चमकली, गाडीच्या स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडली, तर त्यातूनही रेडिओलहरी निघतात आणि त्या मूळ लहरीच्या उंचीत मिसळतात. आवाज कोणता आणि गोंगाट कोणता, हे संचाला ओळखता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडते तेव्हा रेडिओ का कडकडतो, याचे हे उत्तर. तारापूर अणुवीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारांखाली ट्रान्झिस्टर नेला, तरी हेच घडू शकते. खाऱ्या, दमट हवेत इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि बारीक गळती विसर्जने सुरू होतात.

आर्मस्ट्राँग यांनी उंचीला हातच लावायचा नाही असे ठरवले. लहरीची उंची कायम ठेवायची आणि वारंवारता हलवायची, हेच एफएम. संचात शिरल्यावर लहरीची उंची एका मापात छाटून टाकायची, म्हणजे गोंगाटाचा बराचसा भाग छाटणीतच जातो. कल्पना तशी नवी नव्हती. एटी अँड टीचे गणिती जॉन कार्सन यांनी १९२२ मध्येच ती तपासून निरुपयोगी ठरवली होती. पण कार्सन यांचा विचार अरुंद पट्ट्याचा होता. आर्मस्ट्राँग यांनी उलट वाट धरली आणि पट्टा ऐसपैस रुंद केला. गणितापेक्षा त्यांचा भर प्रयोगावर, आणि इथे प्रयोग जिंकला.

२६ डिसेंबर १९३३ रोजी पेटंटे मिळाली. त्यांनी पहिले प्रात्यक्षिक सार्नॉफ यांनाच दाखवले. सार्नॉफ यांनी एके काळी त्यांच्याकडे रेडिओला लावता येईल अशी, खरखर गिळणारी एक डबी मागितली होती. हाती आली ती डबी नव्हती. नवी प्रक्षेपण केंद्रे, नवे संच, म्हणजे आरसीएचा जमलेला धंदा मोडणारी व्यवस्थाच होती. एम्पायर स्टेट इमारतीवर काही महिने चाचण्या झाल्या, त्या उत्तम झाल्या, आणि १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग यांना यंत्रे हलवायला सांगण्यात आले. कंपनीला ती जागा टेलिव्हिजनसाठी हवी होती.

नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या अभियंत्यांसमोर यॉन्कर्सहून एफएम प्रक्षेपण ऐकवले. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद फाडल्याचा आवाज जसाच्या तसा सभागृहात आला. त्यानंतर स्वतःच्या पैशांतून त्यांनी न्यू जर्सीत अल्पाइन येथे चारशेहून अधिक फूट उंचीचा मनोरा बांधला. केंद्रे वाढू लागली. मग १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून आजच्या ८८ च्या पुढच्या जागी नेला. वातावरणातल्या थरांमुळे अडथळा येईल, हे दिलेले कारण पुढे चुकीचे ठरले. लोकांनी विकत घेतलेले लाखो संच मात्र एका आदेशाने निकामी झाले.

ही नवी जागा बोईसरच्या श्रोत्यालाही भोवते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटर लांब, सरळ रेषेत जाणारी. पृथ्वीची वक्रता आणि मधले डोंगर तिला अडवतात. ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३८ मीटर लांब. ती जमिनीला धरून सरकते आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच दूर जाते. सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावरून खोल समुद्रात गेलेल्या नाखव्याला साध्या ट्रान्झिस्टरवर वादळाचा इशारा मिळू शकतो तो या लांब लहरीमुळे. मोबाइलचे मनोरे वादळात आडवे झाले, तरी दूरचे एक केंद्र अख्ख्या जिल्ह्याला पुरते. अमेरिकेत वाहनांतून मीडियम वेव्ह काढू नये यासाठी २०२३ मध्ये विधेयक आले, त्यातला मुख्य मुद्दा हाच.

विजेच्या गाडीचे दुखणे जुन्याच जातीचे, फक्त जोर जास्त. बॅटरी एकदिश प्रवाह देते, मोटरला प्रत्यावर्ती लागतो. मधला इन्व्हर्टर कित्येकशे व्होल्टचा दाब सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. प्रत्येक झटक्याची धार जितकी तीक्ष्ण, तितकी वीजबचत चांगली आणि तितकाच गोंगाट दूरवरच्या वारंवारतांपर्यंत पसरतो. मीडियम वेव्हचा पट्टा त्याच्या नेमका वाटेत. जाड केबल आपसूक अँटेना होतात. त्यात आलिशान गाडीचा डौल: बाहेर उभी लांब अँटेना नको, ती काचेत किंवा छतावरच्या छोट्या पंखात लपवलेली. शिवाय ऊन अडवण्यासाठी काचेवर धातूचा पातळ थर असेल, तर रेडिओलहरीही अडतात. उपाय आहेत: केबलना धातूचे वेष्टन, गाळण्या, फेराइटची कडी. त्यांना पैसे पडतात आणि वजन वाढते. स्पार्क प्लगची खरखर वाहन उद्योगाने एके काळी अशीच आटोक्यात आणली होती, त्यामुळे हे जमणार नाही असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आर्मस्ट्राँग यांनी १९४८ मध्ये आरसीएवर खटला भरला. कंपनीने १९४० मध्ये देऊ केलेले दहा लाख डॉलर त्यांनी नाकारले होते. इतरांना लागू असलेले स्वामित्वशुल्कच त्यांना कंपनीकडूनही हवे होते. कंपनीच्या वकिलांनी जबानी वर्षभर लांबवली. डिसेंबर १९५० मध्ये पेटंटांची मुदत संपली, साठलेला पैसाही संपत आला. झोप नाही, खाण्याचे भान नाही, बोलणे फक्त खटल्याचे. मॅरियन समझोत्याचा आग्रह धरत होत्या. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यावरून भांडण विकोपाला गेले, संतापात त्यांनी पत्नीवर हात उगारला आणि त्या बहिणीकडे निघून गेल्या. तीस वर्षांच्या संसारानंतर ते घरात एकटे उरले. आज एखादा डॉक्टर ही लक्षणे पाहून कुटुंबाला तातडीने सावध करेल. तेव्हा त्यांच्याभोवती होते ते वकील. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, नोटरीच्या त्या शिक्क्याला ४१ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, पत्नीची क्षमा मागणारे पत्र लिहून त्यांनी आयुष्य संपवले. वय ६३.

मॅरियन यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएशी सुमारे दहा लाख डॉलरवर समझोता केला. उरलेल्या कंपन्यांना मात्र त्यांनी सोडले नाही. एकेक दावा त्या लढवत गेल्या आणि १९६७ मध्ये मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा दावाही जिंकला. अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरबरोबर न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणी केंद्रांच्या अँटेना कोसळल्या, तेव्हा त्यातल्या काहींनी आपले प्रक्षेपण तिथूनच पुन्हा सुरू केले.