चित्रकथाकार ओसामु तेझुका

हाताने काढलेल्या चित्रांना गती देऊन केलेली जपानी चलच्चित्रे, ज्यांस ॲनिमे म्हणतात ती, अतिमानवांचे चित्रपट, आणि व्हिडिओ गेम, या तिन्ही गोष्टींचे आम्ही चाहते आहोत. अभ्यासाच्या वेळी त्यांत रमणे बरे नव्हे, हे वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या सर्वस्वी पोरकट आहेत, हे मात्र मान्य नाही. ज्या पुरुषाने जपानातील घराघरांत ॲनिमे पोहोचविले, त्या ओसामु तेझुका यांचे चरित्र पाहावे, म्हणजे त्या रंगीत चित्रांच्या मागे केवढे दुःख आणि केवढा उद्योग उभा आहे हे ध्यानी येते.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब ताकाराझुका या गावी राहावयास गेले. हे गाव तेथील स्त्रियांच्या संगीत नाट्यमंडळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. आपल्या बालगंधर्वांच्या रंगभूमीचे हे अगदी उलटे रूप होय. आईचे बोट धरून तेझुकांनी ही नाटके पुष्कळ पाहिली. पुढे १९५३ साली राजपुत्राच्या वेषात वावरणाऱ्या राजकन्येची जी चित्रकथा त्यांनी सुरू केली, तिचे बीज येथेच पडले. वडिलांना चित्रपटांचा नाद होता. घरी एक लहानसे प्रक्षेपणयंत्र होते व त्यावर डिस्नेची चलच्चित्रे पाहतच हा मुलगा वाढला.

देहाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, केस कुरळे. शाळेत मुले त्यास फार चिडवीत. मारामारीत त्यांच्यापुढे टिकाव लागणे शक्य नव्हते, म्हणून त्याने त्यांस चित्रांनी जिंकले. वहीतल्या चित्रकथा वर्गात हातोहात फिरू लागल्या आणि छळणारेच वाचक झाले. दुसरा छंद होता कीटकांचा. जपानात ओसामुशी नावाचा एक भुंगेरा आढळतो. आपल्या नावाशी त्याचे साम्य पाहून मुलाने सहीमध्ये कीटक या अर्थाचे एक अक्षर जोडून दिले. ते अक्षर अखेरपर्यंत त्यांच्या सहीत राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी शाळकरी मुलांनाही कारखान्यांत जुंपण्यात आले. जून १९४५ मध्ये तेझुका ओसाका येथील एका कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर पहाऱ्यास होते. वय अवघे सोळा. आकाशात अमेरिकन विमाने आली आणि आगलावे बाँब पावसासारखे कोसळू लागले. मुलगा वाचला. खाली उतरून तो नदीच्या बाजूने चालू लागला तेव्हा जागोजाग प्रेते पडली होती आणि शहर जळत होते. विमानातून पाहणाऱ्यास ते शहर म्हणजे केवळ नकाशावरचा एक ठिपका असेल. या मुलास ते जसे दिसले, तसेच ते त्याच्या पुढील चाळीस वर्षांच्या चित्रांत पुनःपुन्हा येते. १५ ऑगस्टला युद्ध संपले. अंधारपट उठून ओसाकात दिवे लागले, आणि ते दिवे पाहताना आपण जगलो, आता मनसोक्त चित्रे काढता येतील, हाच विचार त्याच्या मनात आला.

त्याच वर्षी ओसाका येथे त्यांचे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. जानेवारी १९४६ मध्ये मुलांच्या एका वृत्तपत्रात त्यांची पहिली चित्रमाला छापून आली आणि १९४७ साली ‘नवे रत्नद्वीप’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या पुस्तकाच्या आरंभी एक मुलगा मोटार भरधाव हाकीत बंदरावर जातो. प्रसंग एवढाच. पण मोटार कधी समोरून, कधी बाजूने, कधी दुरून, कधी अगदी जवळून अशी दाखविली आहे की, कागदावरची चित्रे पडद्यावरच्या चित्रांसारखी धावू लागतात. पुस्तकाचा प्रचंड खप झाला. त्या पिढीतील कितीतरी मुले ते वाचूनच चित्रकार झाली.

डॉक्टर व्हावे की चित्रकथाकार, असा प्रश्न त्यांनी आईस विचारला तेव्हा मनापासून जे आवडते तेच कर, असा सल्ला तिने दिला. परीक्षा मात्र त्यांनी सोडली नाही. १९५१ साली ते उत्तीर्ण झाले, पुढे वैद्यकीचा परवाना मिळविला, आणि १९६१ साली गोगलगायीच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेटही घेतली. (चित्रांपायी अभ्यास बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी आमची नम्र विनंती आहे.)

१९५२ साली ‘शोनेन’ मासिकात ‘पोलादी बाहूंचा ॲटम’ ही चित्रकथा सुरू झाली. ती १९६८ पर्यंत चालली. परदेशी हाच ॲटम ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने ओळखला जातो. एका शास्त्रज्ञाचा मुलगा मोटार अपघातात मरतो. शोकाने वेडा झालेला बाप त्याच्या रूपाचा यंत्रबालक घडवितो. पण हा मुलगा कधी वाढणार नाही हे उमगताच संतापून त्यास सर्कशीला विकून टाकतो. पुढे दुसरा एक दयाळू प्राध्यापक त्यास सोडवितो व आश्रय देतो. या बालकाच्या अंगी एक लक्ष अश्वशक्ती आहे, तो आकाशात उडतो, पण माणसे त्यास आपल्यात घेत नाहीत आणि यंत्रमानवांना त्याची माणुसकी परकी वाटते.

येथेच आम्हांस तेझुकांची थोरवी दिसते. अतिमानवांचे अलीकडचे कित्येक चित्रपट आम्ही हौसेने पाहतो. पण त्यांत नगरे कोसळतात ती वरून दाखविलेली असतात. ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) मध्ये दोन बलाढ्य वीर झुंजतात आणि मनोऱ्यांमागून मनोरे पडतात. आत कोणी होते काय, हे विचारावयास सवड नसते. पुढील चित्रपटाच्या (२०१६) आरंभी तोच संहार रस्त्यावरच्या धुळीतून दाखविला, हे त्या मंडळींच्या बाजूने सांगितले पाहिजे. तेझुकांना असे दुसऱ्या खेपेस सुचावे लागले नाही. १९६४-६५ मधील त्यांच्या एका कथेत जगातील सात सर्वांत बलवान यंत्रमानवांचा नाश करण्याच्या एकाच हेतूने प्लूटो घडविला जातो. त्यास तोंड देण्यासाठी ॲटम आपली शक्ती दहापट वाढवून घेतो. पण शेवटी जिंकल्याचा आनंद कोठेच नाही. मेलेल्यांसाठी शोक करणारा एक मुलगा तेवढा उरतो. नाओकी उरासावा यांनी हीच कथा २००३ ते २००९ या काळात मोठ्यांसाठी नव्याने लिहिली व २०२३ साली तिचे ॲनिमे झाले. ते उत्तम आहे. तरी मुलांसाठी लिहिलेले मूळच आम्हांस अधिक बोचते.

डिस्नेप्रमाणे आपलीही चित्रे हलावी, बोलावी, ही तेझुकांची जुनी तळमळ. त्यांनी ‘मुशी’, म्हणजे कीटक, याच नावाची चित्रपटसंस्था काढली आणि १ जानेवारी १९६३ रोजी दूरदर्शन संचावर ॲटम अवतरला. दर आठवड्यास अर्धा तास! चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी लागतात. तेझुकांच्या मंडळींनी एकेक चित्र तीन चौकटी दाखवून आठांतच भागविले. आकाश, उड्डाण, धावणे यांची चित्रे जपून ठेवून ती फिरून वापरली. तोंड हलवावे, बाकी देह स्थिर ठेवावा. कथा मात्र अशी रंगवावी की, पाहणाऱ्यास उणीव भासू नये. ३१ डिसेंबर १९६६ पर्यंत १९३ भाग झाले. शेवटच्या भागात पृथ्वी वाचविण्यासाठी ॲटम स्वतः सूर्यात जातो.

हे सारे ज्या किमतीस विकले गेले, ती खर्चाच्या मानाने फारच थोडी होती. तूट भरून काढावयाची ती खेळणी आणि चॉकलेटबरोबरची चित्रे यांच्या उत्पन्नातून व परदेशी विक्रीतून. तेझुकांना जमले, पण तीच किंमत पुढे इतरांच्या माथी बसली. चित्रे काढणाऱ्या तरुणांना अपुरे वेतन आणि अपुरी झोप मिळावी, ही त्या धंद्याची रीत झाली. तेझुकांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी हायाओ मियाझाकी या थोर दिग्दर्शकांनी लेख लिहून याबद्दल त्यांना परखडपणे दोष दिला. आम्हांस हा दोष पूर्णपणे लागू वाटत नाही, कारण नंतरच्या धनिकांना भाव वाढविण्यास कोणी अडविले नव्हते. पण ज्याने खालच्या माणसाचे दुःख आयुष्यभर रेखाटले, त्याच्याच कारखान्यात ही रीत सुरू झाली, हे आम्हां चाहत्यांना विसरता येत नाही. स्वतः तेझुकाही त्यातून सुटले नाहीत. १९७३ साली मुशी संस्थेचे दिवाळे निघाले.

त्या सुमारास त्यांची चित्रे जुनाट झाली असे लोक म्हणू लागले होते. ते मनाने हळवे आणि मत्सरीही होते. शोतारो इशिनोमोरी या तरुण चित्रकाराच्या कृतीवर त्यांनी कठोर टीका केली आणि मग पश्चात्तापाने त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. १९७३ मध्येच त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ सुरू केली. परवाना नसलेला, अफाट पैसे मागणारा, पण हातात जादू असलेला हा शल्यवैद्य दहा वर्षे वाचकांना खिळवून राहिला. त्याच काळात, १९७२ ते १९८३, गौतम बुद्धांच्या जीवनावरील त्यांची दीर्घ चित्रकथा चालू होती. आपल्या वाचकांनी तेझुकांचे एकच पुस्तक वाचावयाचे तर हे वाचावे. यात कपिलवस्तू आहे, सिद्धार्थ आहे. पण आरंभी कितीतरी पाने चाप्रा नावाचा एक गुलाम मुलगा आणि त्याचा सोबती ताता यांचीच आहेत. धर्मग्रंथातील चरित्र शोधणाऱ्याची निराशा होईल. जातिभेदाच्या तळाशी असलेल्या मुलाच्या नजरेने बुद्धाकडे पाहावयाचे असेल, त्याची होणार नाही.

१९८४ साली त्यांच्या ‘जंपिंग’ या सहा मिनिटांच्या चित्रपटास झाग्रेब येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यात नायक दिसतच नाही. उड्या मारणाराचे डोळे तेच आपले डोळे. उड्या उंच उंच होत जातात, घरे, अरण्ये, समुद्र ओलांडतात, आणि एकदा युद्ध चालले आहे अशा जागी येऊन पडतात. नायकाच्या डोळ्यांनी खेळावयाचे जे गेम आज घरोघरी आहेत, ते पाहताना आम्हांस या उडीची आठवण होते. खुद्द ॲटमवर २००३ साली ‘ओमेगा फॅक्टर’ नावाचा गेम निघाला. तेझुका आपली पात्रे नाटकमंडळीतील नटांप्रमाणे निरनिराळ्या कथांत निरनिराळ्या भूमिकांस लावीत. ती मंडळी या गेममध्ये एकत्र भेटतात.

१९८८ साली तेझुकांना पोटाचा कर्करोग झाल्याचे आढळले. जपानातील तेव्हाच्या प्रथेप्रमाणे रोगाचे नाव रुग्णास सांगण्यात आले नाही. रुग्ण स्वतः वैद्य होता, तरीही. रुग्णालयातील खाटेवरही त्यांचे चित्रे काढणे थांबले नाही. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सुमारे दीड लक्ष पाने त्यांनी रेखाटली होती. त्या वेळी मासिकांतून तीन कथा क्रमशः चालू होत्या: एक बीथोव्हेनवर, एक फाउस्टच्या कथेवर आणि एक परदेशी गेलेल्या जपानी नोकरदाराची. तिन्ही जेथे थांबल्या तेथपर्यंतच छापल्या जातात.