गोंड राजा रामशाह : दत्तकाचा राज्याधिकार

आजच्या चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशावर सत्ता असलेला चांद्याचा गोंड राजा बीरशाह १७०४च्या सुमारास हिरामण नावाच्या राजपुताच्या हातून मारला गेला. त्याला पुत्र नसल्याने वारसाचा प्रश्न दरबारात उभा राहिला. राणी हिराईने चंदनखेड्याच्या भाऊबंदांतील रामशाह हा बालक दत्तक घेतला. हा निर्णय काही आप्तांना मानवला नाही. त्यांचा बंदोबस्त तिला शस्त्रबळानेच करावा लागला. रामशाह वयात येईपर्यंत कारभार तिच्याच हाती होता; बीरशाहाची भव्य समाधी तिनेच उभारली. गादी रामशाहाची असली, तरी त्याच्या चरित्राचा हा पूर्वार्ध वस्तुतः हिराईचाच म्हणावा लागतो. पुढे रामशाहाने १७३५च्या सुमारापर्यंत राज्य केले. त्याचा पुत्र नीळकंठशाह याच्याकडून १७५१मध्ये रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला.