खड्ड्यातून परतणारा चेंडू

बोलिंगच्या खेळात पाहणाऱ्याचे लक्ष नेहमी चेंडू टाकणाऱ्याकडे असते. गुळगुळीत लाकडी मार्गिकेवरून घरंगळत गेलेला जड चेंडू साठ फुटांवरच्या दहा पिनांवर आदळतो, पिना उडतात आणि टाळ्या वाजतात. त्यानंतर चेंडूचे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. थोड्या वेळाने तो खेळाडूच्या हाताशी आपोआप परत येतो, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चेंडू आपोआप परत येत नसे. मार्गिकेच्या टोकाला असलेल्या खड्ड्यातून कोणीतरी तो दोन्ही हातांनी उचलून परतीच्या उतारावर ठेवत असे. ते हात बहुधा एखाद्या पोरसवदा मुलाचे असत. ते काम यंत्राकडे सोपवण्यासाठी आपल्या कंपनीची प्रतिष्ठा आणि पैसा पणाला लावणारा उद्योजक म्हणजे मोरहेड पॅटरसन.

पॅटरसन यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८९७ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम या गावी झाला. डरहॅम म्हणजे तंबाखूचे गाव. तेथील वखारींमध्ये आणि कारखान्यांमध्ये तंबाखू निवडणे, तोलणे, पिशव्यांत भरणे आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे ही कामे शेकडो हातांनी चालत. मोरहेड यांचे वडील रूफस लेनॉयर पॅटरसन यांनी तरुणपणीच तंबाखू तोलून, भरून, चिठ्ठी लावून देणारे यंत्र विकसित करण्यात यश मिळवले होते. तंबाखूसम्राट जेम्स ड्यूक यांच्या उद्योगसमूहात त्यांचा उत्कर्ष झाला आणि १९०० साली त्यांनी 'अमेरिकन मशीन अँड फाउंड्री' ही कंपनी स्थापन केली. पुढे ती 'एएमएफ' या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. सिगारेट आणि सिगार वळण्याची, पाव गुंडाळण्याची, अशी नाना प्रकारची यंत्रे ही कंपनी बनवत असे. माणसाचे बोट किंवा मनगट दिवसभर एकच हालचाल करत असेल, तर ती हालचाल यंत्राला शिकवता येते, या विश्वासावर हा सारा व्यवसाय उभा होता.

मोरहेड मात्र यंत्रशाळेत वाढले नाहीत. येल विद्यापीठातील पदवीनंतर ते काही काळ ऑक्सफर्डला शिकले आणि मग हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली. १९२० च्या दशकात ते वडिलांच्या कंपनीत दाखल झाले. यंत्राचा आराखडा काढण्यापेक्षा करारनामा आणि हक्कपत्रे यांत त्यांची बुद्धी अधिक रमणारी होती. १९४३ साली वडिलांचे निधन झाले आणि कंपनीची सारी सूत्रे त्यांच्या हाती आली. युद्धाचा काळ होता. लष्करी मागणीमुळे कारखान्याला काम कमी नव्हते. पण युद्ध संपल्यावर काय करायचे, हा प्रश्न समोर होता. सिगारेटची यंत्रे विकत घेणारे कारखाने मूठभरच. त्यांच्यावर विसंबून राहिलेली कंपनी फार मोठी होणार नाही, हे पॅटरसन यांनी ओळखले होते. त्यांना अशा एखाद्या यंत्राची गरज होती, जे गावोगावी लागेल आणि आजवर कोणीच बनवलेले नसेल. त्याचे बीज कंपनीच्या हाती आलेले होते.

त्यासाठी बोलिंगच्या पडद्याआड काय चालत असे, ते पाहिले पाहिजे. १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये 'अमेरिकन बोलिंग काँग्रेस' स्थापन झाली आणि या खेळाला देशभर एकसारखे नियम मिळाले. चेंडूचे कमाल वजन १६ पौंड, म्हणजे सुमारे सव्वासात किलो. पिनांची उंची १५ इंच. प्रत्येकीचे वजन दीड किलोच्या आसपास. मार्गिकेच्या टोकाशी खड्ड्याच्या वर एका अरुंद फळीवर पाय आखडून 'पिनबॉय' बसलेला असे. चेंडू आदळला, पिना खड्ड्यात कोसळल्या, की तो खाली उडी मारी. प्रथम चेंडू उचलून मार्गिकेलगतच्या उतरत्या रुळांवर ठेवी. तेथून तो स्वतःच्या वजनाने घरंगळत खेळाडूकडे परत जाई. मग पिना गोळा करून जागच्या जागी उभ्या करायच्या आणि पुढचा चेंडू येण्याआधी पुन्हा फळीवर चढायचे. एका खेळाडूच्या एका डावात पंधरा-सतरा वेळा चेंडू टाकला जातो. चेंडू जड असेल, तर एवढ्यानेच शंभर किलोंहून अधिक वजन मुलाच्या हातांतून जाई. असे कितीतरी डाव एका रात्रीत होत आणि अनेकदा एकाच मुलाकडे दोन मार्गिका सोपवलेल्या असत.

उडालेली पिन नडगीवर बसणे नित्याचेच होते. एखादा मद्यधुंद खेळाडू मुलगा खड्ड्यात असतानाच चेंडू सोडून देई. मजुरी डावामागे काही सेंट. छायाचित्रकार लुईस हाइन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्यानंतर बालमजुरीविरोधी समितीसाठी जी छायाचित्रे काढली, त्यांत मध्यरात्री काम करणारे हे पिनबॉयही आहेत. पेंगुळलेले डोळे, मोठ्यांचे ढगळ कपडे आणि समोर पिनांची रांग. पुढे १९३८ च्या कायद्याने अमेरिकेत बालमजुरीवर बंधने आणली. महायुद्धाने तर धडधाकट तरुणच नेले. बोलिंगच्या चालकांना मुले मिळेनाशी झाली. मिळालेली टिकत नव्हती आणि ज्या रात्री ती येत नसत, त्या रात्री मार्गिका बंद ठेवाव्या लागत. एवढ्या लोकप्रिय खेळाचा सारा डोलारा एका अल्पवयीन, अल्पवेतन मजुराच्या पाठीवर उभा होता.

हे काम यंत्राने करून दाखवण्याचे स्वप्न न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील गॉटफ्रीड श्मिट या तंत्रज्ञाने १९३० च्या दशकात पाहिले. 'फ्रेड' या नावानेच ते अधिक ओळखले जात. कागद आणि पुठ्ठ्याच्या उद्योगात कागद उचलण्यासाठी हवेच्या शोषणाचा वापर होत असे. कागद उचलता येतो, तर पिन का उचलता येऊ नये, हा त्यांचा साधा प्रश्न होता. फावल्या वेळात खटपट करून त्यांनी एक नमुना तयार केला. बोलिंगच्या साहित्यात तेव्हा ब्रन्सविक कंपनीचे राज्य होते. पण त्या कंपनीने श्मिट यांच्या यंत्रात रस दाखवला नाही. एएमएफने मात्र त्याचे हक्क घेतले. बोलिंगशी दुरूनही संबंध नसलेल्या कंपनीने असे धाडस करावे, याचे अनेकांना नवल वाटले. पण ज्या घराण्याचे वैभवच हाताची कामे यंत्राला शिकवून आले होते, त्याला खड्ड्यातला तो मुलगा वेगळ्याच नजरेने दिसला. त्या नजरेत करुणा किती आणि हिशेब किती, हे सांगणे अवघड. पण हिशेब नक्कीच होता.

१९४६ साली बफेलो शहरात बोलिंग काँग्रेसची मोठी स्पर्धा भरली होती. त्या वेळी एएमएफने आपले यंत्र तेथे लोकांसमोर मांडले. युद्धातून परतलेल्या देशाला नव्या यंत्रांचे अप्रूप होते. पाहणाऱ्यांची गर्दी लोटली आणि वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. मात्र यंत्र अवाढव्य होते आणि भरवशाचे नव्हते. शोषणाने उचललेली पिन प्रत्येक वेळी नेमकी जागेवर बसेलच, अशी खात्री नव्हती. प्रदर्शनात दिपवणारे यंत्र आणि रोज शेकडो डाव निमूटपणे काढणारे यंत्र यांतले अंतर पॅटरसन यांना तेथे उमगले. घाईने विक्री सुरू करण्याऐवजी त्यांनी यंत्र पुन्हा अभियंत्यांच्या हाती सोपवले. पुढली पाच वर्षे या एका वस्तूवर पैसा ओतला जात राहिला आणि परतावा काहीच नव्हता. भागधारकांना उत्तर देणे सोपे नसणार. तरीही पॅटरसन मागे हटले नाहीत.

अभियंत्यांपुढचा पेच असा होता. पिना आणि चेंडू एकाच वेळी, एकाच खड्ड्यात, अस्ताव्यस्त येऊन पडतात. त्यांना आधी वेगळे करायचे. पिना उंच नेऊन दहा ठरलेल्या जागी मांडायच्या आणि चेंडू मात्र परत पाठवायचा. पुढे रूढ झालेल्या यंत्रांत खड्ड्याच्या तळाशी सतत सरकणारा पट्टा असतो. मागच्या गादीवर आदळून चेंडूचा वेग मरतो. मग तो आपल्या वजनाने आणि गोलपणाने एका बाजूच्या दाराकडे घरंगळतो. पिना त्या दारातून जात नाहीत. त्या पट्ट्यावरून मागे जाऊन फिरत्या चाकाच्या खणांत अडकतात आणि वर उचलल्या जातात. दारातून निघालेला चेंडू उचलयंत्रात येतो. तेथे फिरता पट्टा त्याला रुळांवर दाबून धरतो आणि घर्षणाच्या बळावर वर चढवतो. योग्य उंची गाठली, की चेंडू सुटतो आणि उतारावरून खेळाडूकडे निघतो. एकच उचलयंत्र शेजारच्या दोन मार्गिकांचे काम करू शकते. पुढे हा परतीचा मार्ग मार्गिकेच्या पातळीखालून नेण्यात आला. तेव्हा खेळाडूच्या बाजूलाही चेंडू पुन्हा वर चढवण्याची सोय करावी लागली. वेगळे करणे, उचलणे आणि उताराच्या हवाली करणे, एवढेच हे सूत्र. ते नेमके हाताशी येण्यास मात्र दीड दशक लागले.

१९५१ साली मिशिगन राज्यातील माउंट क्लेमेन्स येथे 'बोल-ओ-ड्रोम' या ठिकाणी एएमएफची सुधारित यंत्रे बसवण्यात आली आणि रोजच्या वापरात उतरली. आता पॅटरसन यांच्यातला कायदेपंडित पुढे आला. हे महाग यंत्र विकत घेण्याची छोट्या चालकांची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी यंत्र न विकता भाड्याने देण्याचा मार्ग धरला. जितके डाव खेळले जातील, तितक्या डावांचे भाडे. देखभालीचा भार कंपनीने उचलायचा. चालकाला एकरकमी पैसा ओतावा लागत नव्हता आणि कंपनीकडे मात्र देशभरातल्या डावाडावातून पैसा येत राहिला. ब्रन्सविक कंपनी खडबडून जागी झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यास तीही आपले यंत्र घेऊन बाजारात उतरली आणि दोन कंपन्यांची झुंज सुरू झाली.

त्या झुंजीत खेळाचे रूपच पालटले. पूर्वी बोलिंगच्या मार्गिका धुरकट तळघरांत, मद्यगृहांच्या आश्रयाने असत. मुले शाळेत असत, त्या वेळी खेळ जवळपास बंद. यंत्राला शाळा नव्हती आणि झोपही नव्हती. सकाळी गृहिणींचे संघ, दुपारी वृद्ध, संध्याकाळी कामगारांच्या स्पर्धा आणि सुटीच्या दिवशी कुटुंबे, असा दिवसभर राबता सुरू झाला. उपनगरांत वातानुकूलित, झगमगीत बोलिंग केंद्रे उभी राहिली. एएमएफचा व्याप अनेक पटींनी वाढला. सायकलींपासून गोल्फच्या साहित्यापर्यंत अनेक वस्तूंवर तिची मुद्रा दिसू लागली.

खड्ड्यातला मुलगा मात्र हळूहळू नाहीसा झाला. त्याच्या जाण्याने कोणी अश्रू ढाळावेत, असे ते काम नव्हते. तरीही त्या काही सेंटांवर कित्येक गरीब घरांचा हातखर्च चालत होता आणि बेघर, फिरस्त्या प्रौढांनाही हे काम शेवटचा आधार वाटे. यंत्राने त्यांची दुखापत थांबवली तशी मजुरीही थांबवली. त्यांना पर्यायी काम मिळाले की नाही, हा प्रश्न कोणत्याही भाडेकरारात नव्हता.

खुद्द पॅटरसन तोवर वेगळ्याच पटावर पोहोचले होते. १९५४ मध्ये लंडन येथे संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण उपसमितीत त्यांनी अमेरिकेची बाजू मांडली. त्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या स्थापनेसाठीच्या वाटाघाटी राजदूताच्या दर्जाने त्यांच्याकडे सोपवल्या. त्या वाटाघाटी चालू असतानाच, ऑगस्ट १९५५ मध्ये, अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची जिनिव्हा परिषद डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली भरली. १९५७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अस्तित्वात आली. इकडे एएमएफनेही संशोधनासाठी अणुभट्ट्या उभारण्याचा व्यवसाय सुरू केला. इस्रायल, पाकिस्तान आणि इराण येथील संशोधन-अणुभट्ट्या याच कंपनीने पुरवल्या. त्यांतील पाकिस्तान आणि इराणच्या भट्ट्या पॅटरसन यांच्या पश्चात सुरू झाल्या. तंबाखूच्या पिशवीपासून अणूच्या गाभ्यापर्यंतचा हा प्रवास एकाच कंपनीचा, हे आज खरे वाटणार नाही.

५ ऑगस्ट १९६२ रोजी पॅटरसन यांचे निधन झाले. बोलिंगची लाट तेव्हा ओसरू लागली होती. गरजेपेक्षा अधिक केंद्रे उभी राहिली होती, अनेकांना कर्ज फेडता येईना आणि ज्या समभागांचा काही वर्षांपूर्वी बोलबाला होता, ते कोसळले. १९६९ साली एएमएफने हार्ले-डेव्हिडसन ही मोटारसायकल कंपनी विकत घेतली, १९८१ मध्ये ती सोडून दिली आणि नंतर स्वतःच दुसऱ्याच्या हाती गेली. एवढ्या मोठ्या व्यापातून सामान्य माणसाच्या आठवणीत उरली ती मुख्यतः बोलिंगच्या यंत्रांवरची तीन अक्षरे.

आज जगभरच्या बोलिंग केंद्रांत, मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येसुद्धा, टाकलेला चेंडू काही क्षणांत जमिनीतून वर येतो आणि पुढचा खेळाडू बोटे खोचून तो उचलतो. भिंतीमागे काय चालले आहे, हे पाहण्याचे कारण कोणाला पडत नाही. पॅटरसन यांचे यश हेच आणि त्यांच्या विस्मृतीचे कारणही हेच. भिंतीमागून येणारा पट्ट्याचा घरघराट ऐकताना एवढे जरी आठवले, की तेथे एके काळी फळीवर पाय आखडून एक मुलगा बसलेला असे, तरी त्या यंत्राचे खरे मोल ध्यानात येईल.