ज्याच्या बंदुकांचे भाग एकमेकींना बसत नव्हते, तोच ‘सुट्या भागांचा जनक’ कसा ठरला?

अमेरिकेत हौसेनं रायफल जुळवणारे लोक नळी एका कंपनीची घेतात, बोल्ट दुसरीचा. एआर-15 मध्ये हे बहुतेक वेळा जमतं. तिची थोरली बहीण एआर-10 मात्र जाड काडतुसाची, आणि त्या धाटणीच्या रायफलींसाठी सगळ्यांनी पाळायचं एकच माप कधी ठरलंच नाही. त्यामुळे पैसे मोजून आणलेला भाग बसेलच, याची खात्री नाही.

ही कटकट दोनशे वर्षं जुनी आहे. ती मिटवल्याचं श्रेय शाळेच्या पुस्तकांनी ज्याला दिलं तो माणूस म्हणजे एलाय व्हिटनी.

व्हिटनी 1765 सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा. येलमधून शिकून बाहेर पडला आणि 1793 साली जॉर्जियात त्यानं कापसातली सरकी काढायचं यंत्र बनवलं. पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं, पण यंत्र इतकं सोपं की लोकांनी सर्रास नक्कल केली. कापसाचा पेरा वाढला, त्यापायी गुलामांची मागणी वाढली. व्हिटनीच्या वाट्याला आले ते कोर्टाचे खेटे आणि कर्ज.

तेवढ्यात 1798 साली फ्रान्सशी युद्ध पेटायची चिन्हं दिसू लागली. सरकारला बंदुका हव्या होत्या. ज्यानं आयुष्यात एक बंदूक बनवली नव्हती, त्या व्हिटनीनं 10,000 बंदुकांचं कंत्राट मिळवलं! किंमत 1,34,000 डॉलर, मुदत साधारण दोन वर्षांची. खरं तर त्याला तेव्हा आगाऊ रकमेची गरज जास्त होती.

त्या काळी बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीनं घासून त्याच बंदुकीपुरता बसवायचा. रणांगणात चापाची कमान मोडली, तर शेजारच्या बंदुकीची काढून लावता येत नसे. व्हिटनीचं म्हणणं असं की, यंत्रांवर एकसारखे भाग काढू, कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसेल.

मुदत संपली तरी बंदुकांचा पत्ता नाही. मग 1801 च्या जानेवारीत तो वॉशिंग्टनला गेला. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि लवकरच त्या खुर्चीत बसणारे थॉमस जेफरसन यांच्यापुढं त्यानं चापांची अदलाबदल करून दाखवली. जेफरसन यांना हे नवं नव्हतं. फ्रान्समध्ये होनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककारानं हाच प्रयोग त्यांना 1785 सालीच दाखवला होता. पण व्हिटनीवर त्यांचा विश्वास बसला, मुदत वाढत गेली आणि शेवटची बंदूक 1809 साली पोचली.

विसाव्या शतकात संशोधकांनी व्हिटनीच्या उरलेल्या बंदुका उघडल्या, तेव्हा भाग एकमेकींना बसेनात. कुठला भाग कुठल्या बंदुकीचा हे कळावं म्हणून काहींवर खुणाही होत्या. म्हणजे कानस चालूच होती. वॉशिंग्टनचे चापही आधीच घासून नेले असावेत, असं अनेक इतिहासकार मानतात.

तरी त्याला निव्वळ भामटा म्हणणं अन्यायाचं होईल. सरकारनं या कल्पनेवर वर्षानुवर्षं पैसा लावला, त्यात त्याचा वाटा मोठा होता.

1825 साली व्हिटनी न्यू हेवनमध्ये वारला. दोनच वर्षांनी हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल यांच्या रायफलींची तपासणी झाली आणि त्यांचे भाग खरोखर अदलाबदल करता आले. 1834 साली तर सिमियन नॉर्थ यांनी कनेक्टिकटमध्ये काढलेले भाग हॉल यांच्या रायफलींना बसले. दोन कारखाने, शेकडो मैलांचं अंतर, आणि कानस न लावता!


हॉल आणि नॉर्थ ही नावं मात्र आज फार थोड्यांना ठाऊक आहेत.